इस्लापूरच्या रजिस्टरातल्या दोन नोंदी

लग्नानंतर बाविसाव्या दिवशी नवरा अमेरिकेला परत गेला आणि मी नांदेडला सासरी राहिले. त्याचं तिकडचं नागरिकत्व झालेलं होतं, त्यामुळं बायकोला नेणं सोपं असणार, असं लग्न ठरवताना दोन्हीकडच्यांनी धरून ठेवलं होतं. "वर्षभरात होऊन जाईल," असं तो जाताना म्हणाला. मी तेव्हा लातूरला एका क्लासमध्ये बारावीच्या मुलांना जीवशास्त्र शिकवायचे. वर्षभराचाच प्रश्न म्हणून ती नोकरी सोडून दिली.

वर्ष उलटून गेलं तेव्हा त्यानं तिकडून भरलेला आमचा अर्ज मंजूर झाल्याचा मेल आला. सासूबाईंनी गल्लीत पेढे वाटले. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातला त्याचा नेहमीचा फोन आला, तेव्हा कळलं की मंजूर झाला म्हणजे व्हिसा मिळाला असं नाही. आता फाईल दुसऱ्या ऑफिसात जाणार, तिथं माझे कागद तपासणार, मग मुंबईला मुलाखत, आणि त्यानंतर व्हिसा.

"मग आत्ता मंजूर काय झालं?" मी विचारलं.

"आपण नवरा-बायको आहोत हे त्यांनी मान्य केलं."

मला हसावं की काय करावं कळेना. पेढे तर सगळे संपले होते.

सासरे रेल्वेच्या डिव्हिजन ऑफिसात क्लार्क होते, आता निवृत्त. मी त्यांना मामा म्हणते. त्यांनी माझ्या कागदांची एक फाईल केली, वर सुवाच्य अक्षरात माझं नाव लिहिलं, आणि रोज चहाच्या वेळी विचारायला लागले, "काय म्हणून राहिली तुझी वेबसाइट?" व्हिसाची ती वेबसाइट महिनोन्‌महिने एकच ओळ दाखवायची. मी तीच मराठीत सांगायचे. ते मान हलवायचे. "फाईल कुठंतरी कुणाच्यातरी टेबलावर आहे. तिथून हलल्याशिवाय राहत नसते," असं म्हणून कप खाली ठेवायचे.

मी तीन आठवडे नांदेडला आणि दोन आठवडे शिरूर अनंतपाळला माहेरी, अशी फिरत होते. नांदेडच्या शेजारणी विचारायच्या, "अजून इथंच का?" शिरूरच्या बायका विचारायच्या, "आलीस का परत?" दोन्हीकडं मी सारखंच हसायचे. एकदा दुपारी झोपेतून जागी झाले आणि आपण कुठल्या घरात आहोत हेच मला कळेना. वरचा पंखा बघून ठरवावं लागलं.

आणि त्याच सुमाराला माझा जन्माचा पुरावा परत आला. मी शाळेचा दाखला जोडला होता. तो चालत नाही, जिथं जन्म झाला तिथल्या नोंदीचाच कागद पाहिजे, असं तिकडच्या ऑफिसनं कळवलं.

माझा जन्म आईच्या माहेरचा, इस्लापूरचा. मामा म्हणाले, "चल, उद्याच जाऊ." आम्ही दोघं किनवटच्या बसनं निघालो. वाटेत मी त्यांना सांगत होते की आई नेहमी म्हणते, तू झालीस तेव्हा सहस्रकुंडाचा धबधबा पाहायला माणसं लोटली होती, बाळंतिणीला बघायला म्हणून यायची आणि तिकडंच जायची. मामा हसले. माझी शाळेतली तारीख मार्चमधली. मार्चमध्ये त्या धबधब्याला पाणी नसतं. एवढ्या वर्षांत मी या दोन गोष्टी शेजारी ठेवून कधी पाहिल्या नव्हत्या. त्या बसमध्येही पाहिल्या नाहीत.

ग्रामपंचायतीत ग्रामसेवकांनी कपाटातून जुनं रजिस्टर काढलं. कडा झिजलेल्या, पण अक्षर स्पष्ट होतं. बोट फिरवत ते थांबले. "ही बघा. मार्च. आईचं नाव हेच ना? वडिलांचं नाव, गाव शिरूर अनंतपाळ. मुलगी." बाळाच्या नावाचा रकाना रिकामा होता. पूर्वी नाव लिहीतच नसत म्हणे, ते आता अर्ज करून भरावं लागेल.

मामांनी सुटकेचा श्वास सोडला. ग्रामसेवक मात्र पानं उलटत राहिले, सवयीनं असेल. मग म्हणाले, "थांबा. पुढच्या वर्षी पण आहे. ऑगस्ट. हेच आई-वडील. मुलगीच. तुम्ही किती बहिणी?"

"मी एकटीच," मी म्हणाले. "एक भाऊ आहे, धाकटा."

त्यांनी रजिस्टर माझ्याकडं फिरवलं. दोन्ही ओळी मी वाचल्या, परत वाचल्या. दोन्हीकडं आईचं नाव आणि दोन्हीकडं पुढं मोकळी जागा.

"यातली तुमची कोणती, ते तुम्ही पुराव्यासकट सांगा. तोवर मला काही करता येणार नाही," ते म्हणाले.

बाहेर आल्यावर मामा म्हणाले, "मार्चची शाळेच्या तारखेशी जुळते. मग तीच असणार." पण त्यांचा आवाज रोजच्यासारखा नव्हता. परतीच्या बसमध्ये मी बोटांवर महिने मोजले. सतरा.

दुसऱ्या दिवशी मी लातूरमार्गे शिरूरला गेले. आई ओसरीत मिरच्यांची देठं मोडत बसली होती. मी शेजारी बसले आणि सरळ विचारलं.

"माय, रजिस्टरात दोन पोरी हायत."

तिचे हात थांबले नाहीत. "हाव. ती पयली."

"कोण पहिली?"

"तुझ्या आधीची. सा महिन्याची होऊन गेली. ताप आला व्हता. लातूरला नेऊस्तोवर ऱ्हायलीच न्हाई."

"मला कधी सांगितलं नाहीस."

"काय सांगायचं? मग तू आलीस की."

बराच वेळ आम्ही दोघी देठं मोडत राहिलो. मग मी शाळेच्या तारखेचं विचारलं. तिनं जसं घडलं तसं सांगितलं. मला शाळेत घालायला माझे वडील, अप्पा, घेऊन गेले, तर गुरुजी म्हणाले वय कमी आहे, पुढच्या वर्षी आणा. अप्पांनी घरी येऊन पेटी उघडली. पहिल्या मुलीच्या वेळचा दवाखान्याचा कागद त्यात होता. तोच नेऊन दाखवला. गुरुजींनी लगेच नाव घातलं. नंतर सगळीकडं तीच तारीख लागत गेली, दहावीला, पासपोर्टला, लग्नाच्या नोंदणीला.

"मग मी आता किती वर्षांची?"

आईनं माझ्याकडं पाहिलं, मी काहीतरी खुळ्यासारखं बोलल्यागत. "हायस तेवढीच," ती म्हणाली.

वर्गात मी कायम सगळ्यांत बुटकी होते. पोरं चिडवायची, मी चवड्यांवर उभी राहायचे. आता कळलं की मी त्यांच्याहून दीड वर्षानं लहान होते. हे कळून बरं वाटावं की वाईट, हे ठरेना. दोन्ही वाटत होतं, आणि त्यात त्या पोरीचं काहीच नव्हतं. तिच्याबद्दल काय वाटायला पाहिजे हे मला माहीतच नव्हतं.

सकाळी फोनवर नवऱ्याला सांगितलं. त्यानं दोन्ही तारखा लिहून घेतल्या. मग म्हणाला, "मार्चची घेतली तर सगळं जुळतं, दोन महिन्यांत काम होईल. ऑगस्टची घेतली तर पासपोर्टपासून सगळं बदलायला लागेल."

"मग काय करू?"

"तू सांग. तू म्हणशील ते."

त्याचा मला फार राग आला. इतक्या दुरून त्यानं निदान एक तरी गोष्ट ठरवायला पाहिजे होती, असं वाटलं. पुढचे आठ दिवस मी सकाळी मार्च म्हणायचे आणि संध्याकाळी ऑगस्ट. मामा म्हणत, "कुणाचं नुकसान आहे का त्यात? पोरगी तर गेली." ते वाईट माणूस नाहीत. मला घरात अडकलेली बघून त्यांनाच जास्त त्रास होत होता.

शेवटी मी ऑगस्ट म्हणाले. खरेपणापोटी म्हणाले असं सांगितलं तर ते पूर्ण खरं होणार नाही. मुलाखतीत शपथ घ्यायला लावतात हे ऐकून होते, आणि मला खोटं बोलताना घाम फुटतो. दुसरं एक कारण आई होती. मी नांदेडला निघताना ती बसस्टँडपर्यंत आली आणि म्हणाली, "तुला लिवायचं ते लिव तिकडं. पण तिच्या वळीवर तुझं नाव घालू नको. तेवढीच हाय तिची." या दोन्हींतलं कुठलं कारण मोठं होतं, ते मला आजही सांगता येत नाही.

ऑगस्टची नोंद माझी आहे हे दाखवायला आई-अप्पांचं शपथपत्र लागणार होतं. पहिली मुलगी वारली, ही दुसरी, असं. आम्ही तिघं लातूरला कोर्टाजवळच्या एका टायपिंगच्या दुकानात गेलो. टायपिस्ट हळू आवाजात विचारत होता आणि टाइप करत होता. वडिलांचं नाव, वय, धंदा शेती. मग त्यानं विचारलं, "मयत मुलीचं नाव?"

अप्पा खाली बघत राहिले. मी म्हणणारच होते की नाव ठेवलं नव्हतं, कारण मी तसंच धरून चालले होते. तेवढ्यात आईनं नाव सांगितलं. साधं, दोन अक्षरी नाव. ते मी इथं लिहीत नाही.

"मला वाटलं तुझ्या ध्यानात न्हाई आता," अप्पा म्हणाले.

"यातली वेलांटी पहिली की दुसरी?" टायपिस्टनं विचारलं. आई शाळेत गेलेली नाही. तिनं माझ्याकडं पाहिलं. "तूच सांग," ती म्हणाली. जे नाव मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकत होते, त्याची वेलांटी मी त्याला सांगितली. त्यानं तशी टाइप केली. आईनं खाली अंगठा दिला, आणि शाई पुसायला त्यानं दिलेला कागद घडी घालून पिशवीत ठेवला.

पुढं चौदा महिने गेले. इस्लापूरच्या चार खेपा झाल्या, नवा दाखला आला, मग नवा पासपोर्ट, मग तिकडच्या ऑफिसला पत्रं. मी लातूरच्या क्लासमध्ये परत गेले. दोनच महिने शिकवीन असं तीन वेळा सांगितलं, चौथ्यांदा सरांनी विचारणंच सोडून दिलं. नवऱ्याशी बोलायला विषय पुरेनात. एकेका सकाळी आम्ही दोघंही फोन धरून नुसतेच बसायचो. बाविसाच दिवस बरोबर राहिलेल्या माणसाची आठवण नेमकी कसली येते, हे माझं मलाच कळत नव्हतं. त्याचा चेहरा आठवला की तो फोनवरचाच आठवायचा, गळ्यापर्यंतचा.

मुलाखतीला मामा माझ्याबरोबर मुंबईला आले. काचेपलीकडच्या बाईंनी लग्नाबद्दल दोन-तीन प्रश्न विचारले, मग शाळेचा दाखला आणि नवा पासपोर्ट शेजारी ठेवला. दोन तारखा का, असं विचारलं. मी सगळं सांगितलं. सांगताना मध्येच मराठीत गेले, तरी त्यांनी थांबवलं नाही. मग त्यांनी विचारलं, "वाढदिवस कोणत्या तारखेला करता?"

या प्रश्नाची मी तयारी केली नव्हती. "आमच्या घरी कुणाचाच करत नाहीत," मी म्हणाले.

त्या बराच वेळ टाइप करत होत्या. मग काहीतरी म्हणाल्या. ते मला नीट ऐकू आलं नाही, आणि परत विचारायचा धीरही झाला नाही. बाहेर फुटपाथवर मामा फाईल पोटाशी धरून उभे होते.

"काय झालं?"

"माहीत नाही. पासपोर्ट ठेवून घेतला."

"ठेवून घेतला?" ते घाबरले. "परत मागायला पाहिजे होता."

आम्ही दोघंही तिथंच उभे राहिलो. नवऱ्याला फोन लावला, तेव्हा पासपोर्ट ठेवून घेतात म्हणजे व्हिसा देतात, हे कळलं. मामांनी फाईल माझ्या हातात दिली, रुमाल काढला आणि तोंड पुसण्याच्या निमित्तानं बराच वेळ डोळ्यांवर धरला.

निघायच्या दिवशी नांदेडच्या घरी आई आली होती. सासूबाई आणि ती, दोघींनी मिळून माझी बॅग भरली. कारळाच्या चटणीवरून त्यांचं जुंपलं, शेवटी दोघींच्याही चटण्या आत गेल्या. गाडी हैदराबादच्या विमानतळाकडं निघाली तेव्हा मला रडू येईल असं सगळ्यांना वाटत होतं. मलाही वाटत होतं. आलं नाही. देगलूर ओलांडल्यावर एकदम आलं, आणि ते कशासाठी होतं हे शेजारी बसलेल्या मामांना मी सांगू शकले नाही. त्यांनी विचारलंही नाही.

तिकडच्या विमानतळावर तो बाहेर उभा होता. फोनमध्ये दिसायचा त्यापेक्षा उंच, थोडा वाळलेला, हातात माझ्यासाठी आणलेलं जाकीट. फोनवर मी त्याला अरेतुरे करायचे. समोर आल्यावर तोंडातून "तुम्ही" निघालं. तोही गोंधळला. जाकीट मोठं होत होतं. गाडीत बसल्यावर मी बाह्या दुमडल्या. मग त्यानं विचारलं, "भूक लागलीय का?"

मी नाही म्हणाले. दोन सिग्नल गेल्यावर म्हणाले, "लागलीय."