किसनच्या पाटीवरचा लाल म

तोंडात गरम भजं असताना मी पेंटरला फोनवर पाटीचा मजकूर सांगितला.

दुसऱ्या दिवशी जालन्याला उतरलो, मस्तगडातल्या दुकानातून कागदात गुंडाळलेली पत्र्याची पाटी घेतली आणि उघडून न बघता बदनापूर गाठलं. पुढे सखूताईचे यजमान, दाजी, मोटारसायकलवर न्यायला आले. पाटीत वारा भरला की गाडी थेट कपाशीकडे वळायची.

"पाव्हणं, पाटी धरून राह्यले का उडून राह्यले?"

सखूताईचा भाऊ किसन माझा मित्र. मेंढरं राखायचा, ढोल झकास वाजवायचा. पोलिसांनी चौकशीला नेला, तो जिवंत परतला नाही. 'चक्कर येऊन वारला,' एवढंच त्यांचं म्हणणं. ताई कोर्टात भांडत राहिली. अखेर त्या पोलिसांवर खुनाचा गुन्हा नोंदवायचा हुकूम झाला. म्हणून यंदा किसनच्या आठवणीला चौकात ढोल, गावजेवण आणि ही पाटी.

चौकात पोचलो तसे ढोल थांबले. ताईने कागद फाडला. 'आमच्या किसनला पोलीस कोठडीत वारले.'

मी सांगितलं होतं 'मारले'. म म्हणायला ओठ मिटावे लागतात. आत भजं असलं की ते मिटत नाहीत.

फोनवेळी तोंडात भजं होतं, हे मी कबूल केलं. मग चौकाकडेच्या मेंढरांमागे लपायला जागा शोधू लागलो.

"दादा, ठाण्यातले लोक इतके दिवस हेच सांगून राह्यले! तुमी तर रंगवूनच आणलं!" म्हणत ताईच आधी हसली. मग सगळा चौक.

पण तशी पाटी लावू देईना. "कोर्टात गेल्ते, ते काय 'व'साठी?"

दाजींनी खुणेचा रंग (आपली मेंढरं ओळखू यावीत म्हणून पाठीला लावतात तो) आणला. ताईने बोट बुडवून 'व'चा 'म' केला. काळ्या अक्षरांत तो एकटाच लाल, गलेलठ्ठ. पार रस्त्यावरून दिसत होता. ढोल पुन्हा घुमले, ताई पदर खोचून नाचली, आणि मी येसरच्या आमटीत (भाजलेल्या धान्य-मसाल्याच्या) भाकरी चुरून तोंड लपवलं.

परतताना बदनापूर स्टेशनवर वाटलं, वारला आणि मारला यांत अंतर एका अक्षराचंच. ते चालायला ताईला मात्र वर्षं लागली. तेवढ्यात तिचाच फोन.

"पोचले का बराबर?"

"पोचलो. ताई, पुढल्या वर्षी दगडावर कोरून घेऊ. मजकूर मीच सांगतो."

"बिलकुल न्हाई. तुमी भजी खा. बोलायचं आमी बघतो."