अमृतनानांच्या कॉम्प्युटरमधले विनातिकीट प्रवासी

मार्गासनीच्या अमृतनानांनी एकतीस वर्षं एसटीत कंडक्टरकी केली, आणि त्या एकतीस वर्षांत रस्त्यात हात दाखवणाऱ्या एकाही माणसाला मागे ठेवलं नाही. गाडीत पाय ठेवायला जागा नसो, ड्रायव्हर कितीही कुरकुरो, नाना दोरी ओढून घंटी द्यायचेच. "दोन मिंटानं काय आभाळ कोसळतंय? सरका, आत सरका जरा," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. नानांच्या या स्वभावाचा वेल्ह्याच्या रस्त्यावर इतका बोलबाला झाला होता की काही मंडळी स्टॉपवर जायचे कष्टच घेत नसत. घराच्या ओट्यावरून हात हलवत आणि मग सावकाश चप्पल शोधत.

असा माणूस निवृत्त झाल्यावर गप्प कसा बसणार? नाना सोयरिकी जमवू लागले. त्यांच्याइतकी माहिती त्या खोऱ्यात कुणाकडे होती? कुणाची मुलगी कॉलेजला जायला लागली, कुणाचा मुलगा शिरवळच्या कंपनीत चिकटला, कोणतं घर तोंडाने गोड आणि कोणतं मनाने, हे सगळं त्यांनी तिकिटं फाडता फाडता पाहून ठेवलं होतं. थोरला मुलगा इंद्रजित चाकणला असतो. त्याने आपला जुना कॉम्प्युटर वडिलांना आणून दिला, आणि नानांच्या ओटीवर बायोडाट्यांचं आगारच उभं राहिलं.

नानांचा एक नियम मात्र कडक होता. बायोडाटा मोबाईलवर कुणाला पाठवायचा नाही. एकदा पाठवला की तो नसरापूरच्या चौकात चिकटवल्यासारखाच. ज्याला स्थळ पाहायचंय त्याने ओटीवर यावं, नानांच्या पत्नी रत्नाकाकूंच्या हातचा चहा घ्यावा आणि पडद्यावर बघावं. पसंत पडलं तर नाना मुलीच्या घरी विचारणार, घरचे हो म्हणाले तर मगच फोन नंबर. या नियमामुळेच मुलींच्या आया डोळे झाकून नानांकडे फोटो देत. नानांच्या दृष्टीने हा विश्वास म्हणजे निवृत्तीनंतरची खरी कमाई होती.

घोळ झाला तो त्यांच्या जुन्या धर्मामुळे. बायोडाट्याला फुलापानांची किनार आणि वर गणपती हवा, म्हणून नानांनी कुठूनसा एक फुकटचा प्रोग्रॅम उतरवून घेतला. तो बसताना एकामागून एक चौकटी पुढे येऊ लागल्या. हेही घेऊ का? तेही सोबत बसवू का? नानांना वाटलं, बिचारे एवढ्या अदबीने विचारतायत, नाही कसं म्हणायचं? नेक्स्ट, नेक्स्ट, येस, नेक्स्ट. पत्रिका जुळवायच्या एका साइटने वरच्या कोपऱ्यातून विचारलं, तुम्हाला सूचना पाठवू का? नानांनी अलाऊ दाबलं. पडद्यावरच्या प्रत्येक चौकटीने जणू रस्त्यात उभं राहून हात दाखवला होता, आणि नानांनी प्रत्येकीसाठी गाडी थांबवली होती.

महिनाभरात गाडी भरली. काही शोधायला गेलं की भलतंच पान उघडू लागलं. कोपऱ्यातून जाहिराती सरसर वर चढू लागल्या. पोट कमी करायचा काढा, टकलावर केस, बसल्या जागी श्रीमंती. नाना त्या निमूट मिटवत आणि म्हणत, "कॉम्प्युटर जुना झालाय. म्हातारपणी माणूसबी बडबडतोच की."

मग एका रविवारी वरवे बुद्रुकहून साहेबराव आले. मुलासाठी स्थळ पाहत होते. सोबत त्यांची थोरली बहीण अक्काबाई. या बाईंच्या पसंतीशिवाय त्या घरात बैलही येत नाही, अशी ख्याती. नानांनी ठेवणीतलं स्थळ काढलं. गावातल्याच मंगलची मुलगी वैष्णवी. बी.एस्सी., भोरच्या एका दवाखान्यात लॅबमध्ये नोकरी. फोटोही देखणा. अक्काबाई चष्मा पुसून पुढे सरकल्या आणि नेमक्या त्याच क्षणी वैष्णवीच्या फोटोला खेटून एक गोरीपान बाई वर आली. खाली ठळक अक्षरांत मजकूर : तुमच्या जवळच राहते, एकटी आहे, आजच बोला.

"अगंबया," अक्काबाई म्हणाल्या, "ही कुणाची? हिचा कागद न्हाई दावला तुमी."

"ती न्हाई... ती जाहिरात हाय," नाना चाचरले आणि घाईघाईने फुलीवर टिचकी मारायला गेले. फुली खोटी होती. एकीच्या चार झाल्या.

"नाना," साहेबराव चहाचा कप खाली ठेवत म्हणाले, "वय काय तुमचं, आन् हे काय बघत बसता?"

रत्नाकाकू आतून बाहेर आल्या, पडद्याकडे एक नजर टाकली आणि काही न बोलता नवऱ्याकडे बघत उभ्या राहिल्या. नानांना साहेबरावांचं बोलणं परवडलं असतं.

संध्याकाळपर्यंत ही बातमी मंगलच्या घरी पोचली. मंगल तडक ओटीवर आली.

"नाना, माज्या पोरीचा फोटू तुमी असल्या बायांच्या शेजारी लावला व्हय?"

"मंगल, म्या न्हाई लावला. त्या आपणहून येत्यात."

"आपणहून? दार कुणी उघडलं त्यास्नी?"

नानांनी माऊस उचलून उलटा करून पाहिला.

"पुढच्या आइतवारी येते म्या," मंगल म्हणाली. "तवर हे धुऊन काढा. न्हाईतर माज्या पोरीचा कागद काढून द्या. आमच्या बचत गटातल्या बायाबी त्यांच्या त्यांच्या पोरींचे काढून घ्यायचं म्हणत्यात."

ती गेली. नाना कॉम्प्युटरसमोर बसून राहिले. त्या यंत्रात एकशे चाळीस मुलींचे बायोडाटे होते. ते गेले म्हणजे आपल्याकडे उरलं काय? टीव्ही आणि गुडघेदुखी.

दुसऱ्या दिवशी सकाळी पडद्याने नवीनच सोंग काढलं. सगळा पडदा लाल, कर्कश भोंगा, आणि मजकूर : तुमच्या कॉम्प्युटरमध्ये तेरा विषाणू आहेत, ताबडतोब या नंबरवर फोन करा. नाना हरखले. चला, कुणीतरी मदतीला धावलं! मोबाईल काढून त्यांनी नंबर फिरवायला घेतला.

"अवो, थांबा," रत्नाकाकू म्हणाल्या. "ह्यांना कसं कळलं आपल्या घरात काय झालंय ते?"

नानांचं बोट थबकलं. एकदा नसरापूरच्या स्टँडवर एकाचं पाकीट गेलं होतं. सगळ्यांत मोठ्याने "चोर, चोर" ओरडणारा, लोकांचे खिसे तपासायला पुढे झालेला इसमच पाकीटमार निघाला होता. त्याची गचांडी खुद्द नानांनी धरली होती.

"तसलंच बेणं हाय हे," नाना म्हणाले आणि मोबाईल खाली ठेवला.

"एवढं कळतं, तर असल्यांना आत बसू कशाला दिलं?" रत्नाकाकूंनी विचारलं आणि त्या भाकरी थापायला गेल्या.

मंगळवारी नाना कॉम्प्युटरचा डबा गोधडीत गुंडाळून एसटीने नसरापूरला निघाले. डबा मांडीवर. गर्दीत एका म्हातारीने विचारलं, "बाळ कितव्या महिन्याचं?" नानांनी मान फिरवली.

नसरापूरच्या चौकात छायाताईंचं झेरॉक्सचं आणि ऑनलाइन अर्ज भरायचं दुकान आहे. चाळिशीची बाई, बोलणं तोडून. भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो आणि त्याखाली छायाताईंनी स्वतः लिहिलेली पाटी : आधी वाचा, मग विचारा. त्यांनी डबा जोडला, सुरू केला आणि पाच मिनिटं नुसत्या बघत राहिल्या.

"नाना, याला अॅडवेअर म्हणतात. जाहिरातींचा धंदा. हे भिंत फोडून आलेलं नाही. तुम्ही हाताला धरून आत बसवलंय."

"म्या?"

"मग कोण? बसा इथं. माऊस तुम्हीच धरा. मी धरला तर महिन्याभरात परत याल."

छायाताईंनी कॉम्प्युटरमधल्या सगळ्या प्रोग्रॅमची यादी उघडली आणि ती तारखेप्रमाणे लावायला सांगितली. किनारीचा प्रोग्रॅम ज्या दिवशी बसला, त्याच दिवशी, त्याच घटकेला आणखी चार बसले होते.

"हा ओळखीचा?"

"न्हाई."

"हा?"

"न्हाई बा."

"ओळख ना पाळख, आणि महिनाभर घरात जेवतायत. उतरवा."

नानांनी एकेकाला निवडून अनइन्स्टॉल दाबलं. पहिल्याने जाताना गयावया केली. खरंच काढताय? आमचं काय चुकलं? एक संधी द्या ना? नानांचा हात घुटमळला.

"नाना," छायाताई म्हणाल्या, "विनातिकीट माणूस रडला तर काय करायचात?"

"पुढच्या स्टॉपला उतरवायचो."

"मग?"

नानांनी त्याला उतरवलं. मग ब्राउझरची पाळी आली. त्यात न मागता चिकटलेली दोन एक्स्टेन्शन निघाली, ती काढली. शोध घ्यायचं पान बदललेलं होतं, ते पूर्ववत केलं. शेवटी सूचना पाठवायची परवानगी कुणाकुणाला दिलीय, ती यादी. तिच्यात सत्तावीस नावं होती. तीन पत्रिकेची, बाकीची कुठली, ते नानांनाही सांगता येईना.

"सत्तावीस!" छायाताईंनी कपाळाला हात लावला. "नाना, एवढे तर तुमच्या गाडीच्या टपावरही नसतील."

त्यातली एकेक काढताना नानांच्या आवाजात हळूहळू जुना जोर आला. "चला, उतरा. तुमीबी. सामान घ्या आपलं." झेरॉक्सला आलेले दोघं-तिघं कामं विसरून बघू लागले. सगळं झाल्यावर छायाताईंनी कॉम्प्युटरमध्येच असलेली विषाणू-तपासणी चालवली, सगळे पासवर्ड बदलून घेतले आणि बजावलं, "प्रोग्रॅम घ्यायचा तर ज्याने बनवला त्याच्याच साइटवरून. बसवताना प्रत्येक चौकट वाचायची. आधीच टिकची खूण केलेली असेल ती पुसायची. कोपऱ्यातून कुणी सूचना पाठवू का विचारलं तर ब्लॉक. आणि लाल पडदा आला तर फोन नाही, खिडकी बंद करायची."

"म्हंजी न्हाई म्हणायचं," नाना म्हणाले.

"वाचून म्हणायचं," छायाताई म्हणाल्या. पण एसटी पकडायच्या घाईत हे शेवटचं वाक्य नानांच्या कानाबाहेरच राहिलं.

पुढचे चार दिवस नानांना नाही म्हणायची अशी काही गोडी लागली की विचारू नका. पडद्यावर काहीही आलं की उत्तर एकच, नाही. शेजारी सायकलचा पंप मागायला आला, त्यालाही नाही. "परत बिघडू द्या तो डबा," तो रत्नाकाकूंना म्हणाला, "आधीचे नाना बरे हुते."

रविवारी मंगल आली. सोबत वैष्णवी. मंगल खुर्ची ओढून पडद्यासमोर बसली आणि अर्धा तास हललीच नाही. एकही बाई वर आली नाही. केस नाहीत, काढा नाही.

"बरं दिसतंय," ती शेवटी म्हणाली. तिच्या तोंडून एवढं म्हणजे पुष्कळ. "पण कागद जुना झालाय. हिची नोकरी कायम झाली. नवा करा."

नानांच्या जिवात जीव आला. मंगल सांगत गेली, नाना एका बोटाने टाइप करत गेले. नाव, शिक्षण, मामाचं गाव, उंची. अपेक्षांच्या रकान्यात मंगलने भरभरून मजकूर सांगितला. मुलगा एकुलता एक हवा, पुण्यात फ्लॅट हवा, गावाकडे जमीन हवी, व्यसन नको, सासू... तिथे ती जरा थांबली आणि "समजूतदार" म्हणाली. तासभर हे चाललं. पूर्ण झाल्यावर नानांनी रुबाबात खिडकी बंद केली. लगेच एक चौकट वर आली.

"बघ मंगल," नाना म्हणाले, "आली. पण आता मी ऐकतो व्हय?" आणि त्यांनी ठसक्यात नाही दाबलं.

पडदा मोकळा झाला. वैष्णवी पुढे वाकली.

"नाना, काय विचारत होती ती?"

"कायतरी बसू का म्हणत आसल."

"केलेलं काम जपून ठेवू का, असं विचारत होती."

मंगलच्या भुवया जवळ येऊ लागल्या. नानांना एकशे चाळीस बायोडाटे दारातून बाहेर पडताना दिसू लागले.

"मंगल, चुकलंच," ते म्हणाले. "आधी सगळ्यांना व्हय म्हणत गेलो, आता सगळ्यांना न्हाई. वाचलं कवाच न्हाई. तुजा कागद दुसरीकडं करायचा आसल तर कर. म्या तोंड वर करून थांब म्हणू शकत न्हाई."

मंगल उठली. पण वैष्णवीला हसता हसता उठताच येईना.

"आई, बस. नाना, सरका. माझा बायोडाटा आहे ना? मग मीच लिहिते."

तिची बोटं सपासप चालली. दहा मिनिटांत सगळं झालं. अपेक्षांच्या रकान्यात फ्लॅट नव्हता, जमीन नव्हती, समजूतदार सासूसुद्धा नव्हती. तिथे दोनच ओळी होत्या. नानांनी बोट ठेवून मोठ्याने वाचल्या :

"लग्नानंतर नोकरी चालू राहील. मुलाला वाचल्याशिवाय हो किंवा नाही म्हणायची सवय नसावी."

"हे काय लिवलं?" मंगल म्हणाली.

"बरोबर लिवलंय," रत्नाकाकू आतून म्हणाल्या. "आमच्या वेळंला असा रकाना असता, तर मीबी लिवलं असतं."

नानांनी खाली बघितलं. मंगलने तोंडाला पदर लावला, पण खांदे हलायचे ते हललेच. जरा वेळाने ती पुन्हा खुर्चीत बसली.

"ऱ्हाऊ द्या हितंच," ती म्हणाली. "आन् त्या वरव्याच्या अक्काबाईला फोन लावा. म्हणावं, परत या. नवा कागद दावतो, आन् या खेपेला पोरगी एकटीच दिसल."

नानांनी फोन लावला. अक्काबाईंनी आधी पाच मिनिटं खरडपट्टी काढली, मग म्हणाल्या, "गुरुवारी येतो."

नानांनी लगेच होकार दिला नाही. त्यांनी फोनवर हात ठेवला आणि वैष्णवीला विचारलं, "गुरुवारी चालंल का गं तुला?"