वरच्या मजल्यावरची बाई

आमच्या मेन स्ट्रीटवर एकाही दुकानाला माडी नाही, पण रस्त्यावरून प्रत्येक दुकान दुमजली दिसतं. पुढे फळ्यांची उंच भिंत, तिच्यावर रंगवलेल्या खिडक्या आणि मागे बुटकं छप्पर. सगळ्यांना ठाऊक आहे आणि सगळे गप्प आहेत. माझ्या खोगिरांच्या दुकानालाही अशीच भिंत आहे, पण तिच्या जिवावर मी बायको मागायला गेलो नाही.

समोरचा ऑरिन पिकेट मात्र गेला. खिळे आणि नांगराचे फाळ विकणारा हा फुशारक्या मारणारा माणूस मला कधीच आवडला नाही. त्याच्या वहिनीने ओहायोतली एक विधवा त्याच्यासाठी बघितली, तेव्हा याने पत्रात ठोकून दिलं, "दुकानावरच घर आहे, रस्त्याकडे चार खिडक्या."

ती मिसेस हॅच दुपारच्या गाडीने आली. सगळा रस्ता तमाशा बघायला दारात उभा.

"हे आपलं घर," ऑरिन वर बोट दाखवत म्हणाला.

"पडदे छान आहेत हो. पण उघडायचे कधी?"

"उन्हाचा त्रास होतो ना!"

"आणि जिना कुठाय?"

"दुरुस्तीला काढलाय. तुम्ही आधी कॉफी घ्या."

पाहुण्याला मागच्या बाजूला न्यायचं नाही, हा आमच्या रस्त्याचा एकुलता एक धर्म. पण बाई सकाळपासून गाडीत बसलेली. तिने कुणाला न विचारता मागच्या अंगणातल्या संडासाची वाट धरली. ऑरिनचा चेहरा पांढरा पडला.

ती परत आली ती शांतपणे. मागून भिंतीला दिलेले दोन टेकू तिने पाहिले होते.

"लग्न करते मी," ती म्हणाली. "मी खाली राहीन. तुम्ही रोज वर झोपायला जात जा."

आम्ही खो खो हसलो. निर्लज्ज ऑरिनही हसला. बाई मात्र हसली नाही. बॅग उचलून ती स्टेशनकडे चालती झाली आणि मिळेल त्या गाडीने परत गेली.

मला वाटलं, आता तरी हा भिंत उतरवेल. कसलं काय! त्याने रंगारी बोलावला आणि वरच्या खिडकीत, पडद्याआड, शिवत बसलेली एक बाई रंगवून घेतली. गावात नवा माणूस उतरला की ऑरिन सांगतो, "बायको वर असते. तिला जिना उतरवत नाही."

आणि आमच्या रस्त्यावरचे हे नग येता-जाता वर बघून तिला टोपी काढतात. काल मीही काढली.