बंद मशीननं दिलेली ओ

"हाक मारा आधी. ओ देतंय का बघू."

कारखान्यात कुठलाही कॉम्प्युटर अडला की आमचे कॉम्प्युटर विभागाचे साहेब दारातूनच हे म्हणत. हाक म्हणजे पिंग. एका मशीनवरून दुसऱ्याचा पत्ता टाइप करायचा आणि उत्तर येतं का पाहायचं. म्हणताना त्यांचा हात कानामागं जायचा. नळदुर्गाकडच्या मेंढपाळाच्या घरातला माणूस, ही सवय माळावरूनच आली असावी. असे साहेब तुमच्याही ऑफिसात असतील. खिशात स्क्रूड्रायव्हर आणि नाकावर राग.

मला उसाच्या वजनकाट्यावर बसवलं ते त्यांनीच. काट्यावर बाई नको, ड्रायव्हर लोक भांडतात, असं सगळे म्हणत होते. साहेब एमडींच्या केबिनमध्ये जाऊन म्हणाले, "काट्याला बाई काय नि बाप्या काय? बसू द्या तिला." मला ते 'पोरी' म्हणत. मला ते आवडायचं.

त्या वर्षी काट्याचा जुना कॉम्प्युटर दमला होता, आणि त्यावरचा प्रोग्राम नव्या मशीनवर चालेना. मग साहेबांनी नव्या कॉम्प्युटरच्या पोटात एक व्हर्च्युअल मशीन उभं केलं, म्हणजे खोटाच कॉम्प्युटर, आणि प्रोग्राम त्यात घातला. काटा ज्या पत्त्यावर वजन पाठवायचा तो जुना पत्ताही त्यालाच दिला. "आज्याचं नाव नातवाला ठिवत्यात का न्हाय? तसंच," म्हणाले. जुनं मशीन बंद होऊन नेटवर्कच्या केबलीसकट कोपऱ्यात गेलं.

गाळप सुरू झालं आणि वजनं हरवायला लागली. तामलवाडीचा ट्रॅक्टर भरून काट्यावर चढे, वजन नोंदलं जाई. ऊस टाकून रिकामा परत आला की कॉम्प्युटर सांगे, असा ट्रॅक्टर आत आलेलाच नाही. ड्रायव्हर खिडकीत तोंड घालून विचारी, "मग म्या काय रिकामाच आलतो व्हय, ताई?" मागं रांग गेटबाहेर गेलेली.

साहेबांनी व्हर्च्युअल मशीनच्या नेटवर्कची सगळी सेटिंग उलटीपालटी केली. केबल बदलली. हाक मारली की ओ यायची, वजन मात्र सापडायचं नाही. एमडी येऊन मागं उभे राहिले तसे साहेबांना घाम फुटला. रांगेतल्या ड्रायव्हरांना ऐकू जाईल अशा आवाजात ते म्हणाले, "या पोरीनंच कायतरी दाबलं असंल. सांगून बी कळत न्हाय हिला."

बाहेर हशा पिकला. एमडी मला म्हणाले, "उद्यापासून तुम्ही शेतकी ऑफिसात बसा. इथं दुसरं कुणीतरी बघू." मी पर्स उचलली. रडायचं नाही एवढंच डोक्यात होतं.

शेवटचा उपाय म्हणून साहेबांनी नवा कॉम्प्युटर पुरता बंद केला आणि शेजारच्या मशीनवरून त्याच पत्त्याला उगीच एक हाक मारली.

ओ आली.

साहेब स्क्रीनकडं बघतच राहिले. मग उठून कोपऱ्यात गेले. जुन्या मशीनवर हळदी-कुंकवाची बोटं होती, वाळका झेंडू होता, आणि आतला पंखा फिरत होता. खंडेनवमीला त्यांनीच ते चालू केलं होतं, बंद मशीनची कुठं पूजा करतात व्हय, म्हणून. पुजलेल्या हत्याराला त्या दिवशी हात लावायचा नाही, आणि नंतर ते बंद करायचं राहून गेलं. आता आजा आणि नातू दोघंही एकाच नावाला ओ देत होते. भरलेलं वजन जाई एकाकडं, आणि रिकामा ट्रॅक्टर आला की त्याची चौकशी होई दुसऱ्याकडं.

साहेब बाहेर रांगेपुढं जाऊन उभे राहिले. "पोरीची काय बी चूक न्हाय. मशीन म्याच चालू ठिवलं, म्याच इसरलो." मागं वळून एमडींनाही तेच सांगितलं. या वेळी कुणी हसलं नाही. माझी जागा वाचली होती, पण मला मघापेक्षा जास्त लाज वाटली. बापाच्या वयाचा माणूस असा चारचौघांत उघडा पडलेला बघवत नाही. मी खाली मान घालून स्टेपलरमध्ये पिना भरत बसले.

त्यानंतर साहेब काट्याच्या खोलीत आले नाहीत. काही अडलं तर फोन करायचे. "मॅडम, जरा बघता का?" मी एकदा म्हटलं, "साहेब, मला मॅडम काय म्हणता?" त्यांनी फोन ठेवून दिला. कॅन्टीनची वाट माझ्या खिडकीवरून जाते. साहेब ती सोडून बगॅसच्या, उसाच्या चोथ्याच्या, ढिगाला वळसा घालून, अंगावर भुसा घेत जायचे.

मला राग आला होता, खोटं कशाला सांगू? पण तो त्याच हंगामात निवलाही होता. साहेबांच्या निवृत्तीच्या दिवशी काटा दुसऱ्याकडं देऊन मी त्यांना गेटबाहेर गाठलं. त्यांच्या काखेत शाल, हातात नारळ.

"साहेब, मी ते कधीच विसरले."

ते माझ्या चपलांकडं बघत म्हणाले, "तुमी इसरला असाल, मॅडम. मला न्हाय जमत."

एसटी आली. गाडी जवळजवळ रिकामीच होती. माझ्या बाजूच्या साऱ्या खिडक्या मोकळ्या होत्या. साहेब चढले आणि पलीकडच्या बाजूला जाऊन बसले.