आर्णीच्या जोशी वकिलांची पेनल्टी

आमच्या आर्णीच्या फुटबॉल टीमने आजवर एकही कप आणलेला नाही. किस्सा मात्र दर रविवारी एक तरी घरी येतो. टीममधले दोघं कुठे भेटले की खेळ राहतो बाजूला, किस्सेच सुरू होतात.

मी शाळेत मास्तर, रविवारी गोलकीपर. कॅप्टन जोशी वकील, वय बावन्न. केस विंचरल्याशिवाय मैदानात उतरत नाहीत. फॉरवर्डला प्रेम राठोड. जवळच्या तांड्यावर त्याची शेती, कापूस अन् तूर.

*

एकदा ऑफसाइडवरून वकीलसाहेब रेफरीशी पाच मिनिटं बोलत राहिले. मुद्दा एक, मुद्दा दोन, मुद्दा तीन. रेफरीने सगळं ऐकून घेतलं, मानही डोलावली. वकीलसाहेबांना वाटलं, जिंकलो.

"साहेब, तुमचं बरोबर असन," रेफरी म्हणाला. "पन इथं अपील नसते."

*

कापूस वेचणीच्या दिवसांत मॅचमध्ये प्रेमचा पाय मुरगळला. मॅचचं घरी सांगितलेलंच नव्हतं. लंगडत गेला अन् बायकोला म्हणाला, "वावरात पाय घसरला."

ती शांतपणे म्हणाली, "कोन्या वावरात? आपल्या वावरात तं मी होती सकाळपासून."

*

उमरखेडला मी सात गोल खाल्ले. परतीच्या एसटीत डोकं सुन्न. कंडक्टरने विचारलं, "किती?"

"सात," मी म्हणालो.

त्याने सात जणांचं तिकीट काढून हातात दिलं. आम्ही तेरा जण होतो.

*

आणि घाटंजीची सेमीफायनल. इतकी वर्षं खेळून आम्ही पहिल्यांदाच तिथवर पोचलो होतो. एक-एक बरोबरी, शेवटची दोन मिनिटं. प्रेम बॉल घेऊन गोलसमोर घुसला अन् पडला. रेफरीने पेनल्टी दिली. आमची टीम नाचायलाच लागली.

वकीलसाहेबांनी प्रेमला हात देऊन उठवलं. "कोणी पाडलं रे?"

"कोनी नाही. ढेकळात पाय अडकला. पन तुम्ही मारा नं."

वकीलसाहेब रेफरीकडे गेले. "फाउल नव्हता."

रेफरी वैतागला. "शिट्टी वाजली आता. किक घ्या."

त्यांनी बॉल जागेवर ठेवला आणि पायाने हळूच ढकलला. तो घरंगळत सरळ घाटंजीच्या कीपरच्या हातात गेला. कीपर क्षणभर बॉलकडेच पाहत राहिला. मग भानावर येऊन त्याने लांब किक मारली, अन् त्याच बॉलवर त्यांनी माझ्यावर गोल केला. मॅच संपली.

मैदानाबाहेर टपरीवर चहा घेत होतो. तेवढ्यात तो घाटंजीचा कीपर आला आणि वकीलसाहेबांसमोर उभा राहिला.

"साहेब, भावासंग वाटणीची केस चालू हाये माही. वकील बदलाचा म्हन्तो. तुम्ही घ्यान का?"

वकीलसाहेबांनी होकारार्थी मान हलवली.

प्रेमने चहाचा ग्लास खाली ठेवला.

"साहेब, माह्या वावराच्या धुऱ्याच्या, बांधाच्या भांडणाची केस तुमच्याचपाशी हाये नं? ते फाइल वापस द्या."