खुब्यावरचा काळा डाग

५ डिसेंबर, शुक्रवार. दवाखान्यात न्यायचे चार नवे परकर घेऊन मी नाड्या ओवत बसले होते. पंधरा तारखेला माझा उजवा खुबा बदलायचा होता.

वर्षभर चालताना जांघेत कळ यायची. माधव नगरच्या डॉक्टरांनी एक्स-रे पाहिला, सांध्यातली फट कमी झाली आहे म्हणाले, एमआरआय करवला आणि तारीख दिली. ऑपरेशननंतर जमिनीवर बसायचं नाही, असंही बजावलं. मी फ्रीगंजमध्ये शिवणाचा क्लास चालवते. कापड जमिनीवर पसरून, मांडी घालून बेतते आणि मुलींनाही तसंच शिकवते. टेबलावर बेतता येतं, पण माझ्या खोलीत टेबल ठेवलं तर मुली बसणार कुठे? खुबा बदलला की क्लास बंद, हे मला स्पष्ट दिसत होतं. जानेवारीच्या बॅचला मी चार मुलींना नाही म्हणूनही टाकलं होतं.

नाडी ओवून झाली की सेफ्टी पिन मी काढत नाही. टोकालाच लावून ठेवते, म्हणजे टोक आत सरकत नाही. तिसरा परकर झाल्यावर एमआरआयची फिल्म बॅगेत घालायला घेतली आणि सहज उजेडात धरली. उजव्या सांध्याच्या बाहेरच्या अंगाला शाई सांडल्यासारखा काळा डाग होता, भोवतीचं हाड वाकडं दिसत होतं. रिपोर्टात शेवटी लिहिलं होतं, या भागात कूर्चा नीट दिसत नाही. कूर्चा म्हणजे हाडाच्या टोकावरचं गुळगुळीत अस्तर, कार्टिलेज. झिजून गेली म्हणून दिसत नाही, असं आम्ही सगळे धरून चाललो होतो. डॉक्टरही.

मग आठवलं. एमआरआयच्या दिवशी तिथल्या मुलीने विचारलं होतं, अंगावर काही मेटल? मी नाही म्हटलं, गाऊन घातला आणि लाजेखातर आत परकर तसाच ठेवला. गाठ उजवीकडे, नाडीचं टोक खुब्यावर. मशीनमध्ये तिथे काहीतरी ओढल्यासारखं वाटलं होतं. मी दुर्लक्ष केलं.

"अहो, हा डाग माझ्या पिनेचा आहे, लोखंडाने तिथलं चित्र बिघडलंय," मी नवऱ्याला म्हटलं.

त्यांनी पेपर खाली ठेवला. "पंचवीस वर्षं सुट्टी होताना पोरींकडून पिना मोजून घेतेस, आणि स्वतःची विसरलीस?"

"विसरले. आता पुढचं बोला."

"पुढचं काय? डॉक्टरला सांगणार, पेटीकोटची पिन राहिली?"

"तेच सांगणार."

दुसऱ्या दिवशी तेच सांगितलं. डॉक्टर हसले. "मॅडम, एक्स-रे में गैप तो कम है ना."

"कम है, सर. पर कार्टिलेज अभी तक किसी ने देखा कहाँ है? पहले देख लो, फिर काटो."

त्यांनी फिल्म पुन्हा लावली आणि डागाच्या कडेने बोट फिरवलं. मग इंदूरला थ्री टेस्लाच्या मशीनवर पुन्हा एमआरआय करायला चिठ्ठी दिली. खुब्यात मांडीच्या हाडाचा गोळा खोबणीत बसतो; गोळ्याची आणि खोबणीची कूर्चा एकमेकींना चिकटून असतात, दोन्ही पातळ. जास्त ताकदीचं चुंबक असेल तर दोन्ही वेगळ्या दिसतात, असं त्यांनी कागदावर काढून समजावलं. हे आधी समजावलं असतं तर बरं झालं असतं, पण तेव्हा मीही विचारलं नव्हतं.

इंदूरला मी कोणी सांगायच्या आत परकर, बांगड्या, जोडवी सगळं काढून ठेवलं आणि पिनेची हकीकत सांगितली. तिथली टेक्निशियन म्हणाली, "आंटी, यहाँ तो वो गोली जैसी उड़ती." तिने कमरेवर जाड पट्ट्यासारखं काहीतरी आवळलं, दोन्ही पावलं एकत्र बांधली आणि हलू नका म्हणाली. पाऊण तास मशीन डोक्याशी ठोकाठोक करत होतं. मी मनात एक कटोरी ब्लाउज पूर्ण बेतला, बाह्यांसकट.

गुरुवारी संध्याकाळी डॉक्टरांनी आम्हा दोघांसमोर चित्र स्क्रीनवर लावलं. गोळ्याभोवती राखाडी रेघ, कुठेही न तुटलेली. खोबणीची रेघ वेगळी, तीही अखंड.

"कार्टिलेज पूरा है," ते म्हणाले. खोबणीच्या काठाला रबरासारखी कड असते, तिला छोटी चीर होती. कळ तिची. एक्स-रेत फट कमी दिसली ती पाय तिरका पडल्यामुळे. व्यायाम करायचा, जमिनीवर बसायचं तर दर अर्ध्या तासाने उठायचं.

"और पंद्रह तारीख?"

"कैंसल. ये आपने पकड़ा, मैंने नहीं."

असं डॉक्टरच्या तोंडून ऐकायला मिळणं सोपं नाही. मी ते नवऱ्याकडून जिन्यात पुन्हा एकदा म्हणवून घेतलं. टावर चौकात त्यांनी कचोरी घेतली. मी दोन खाल्ल्या.

शुक्रवारी सकाळी आठ वाजता क्लास उघडला आणि नाही म्हटलेल्या चौघींना फोन केले. तिघी येते म्हणाल्या. चौथीने दुसरीकडे नाव घातलं होतं. तिला म्हटलं, तिथलं नाही आवडलं तर ये.