मी उघडलेली लग्नपत्रिका

आमच्या वधू-वर केंद्राचा मोबाईल मी चोरांच्या स्वाधीन केला. कुणी हिसकावला वगैरे नाही. तो शेवटपर्यंत माझ्याच हातात होता.

राहुरीतलं हे केंद्र माझी बायको लता चालवते. कागदोपत्री मालकीण तीच. मी आपला चहा सांगणे, फोन उचलणे, एवढ्यापुरता. त्या दिवशी ती एका साखरपुड्याला गेली होती आणि अनोळखी नंबरवरून केंद्राच्या मोबाईलवर लग्नपत्रिका आली. आता लग्नं जुळवणाऱ्यांनीच पत्रिका उघडायची नाही म्हणजे काय! उघडताना मोबाईलने तीनदा विचारलं, परवानगी देता का? मी तिन्ही वेळा दिली. (शुभकार्यात आपण आडकाठी करत नाही.) पत्रिका काही दिसली नाही.

दिसली नाही ती मला. पाच मिनिटांत तीच पत्रिका केंद्राच्या नावाने आमच्याकडच्या एकूण एक स्थळांना गेली. केंद्राकडून आलीय म्हटल्यावर लोकांनी बिनदिक्कत उघडली, मग त्यांच्या मोबाईलवरून त्यांच्या सोयऱ्यांना गेली. भिंगारच्या एका निवृत्त सुभेदारांकडून तर ती अख्ख्या पलटणीला पोचली! त्यांच्या मुलीचं अजून कुठेच जमलेलं नाही, आणि इकडे अभिनंदनाचे फोन, जावईबापू काय करतात म्हणून चौकशा. सुभेदारांनी लताला गाठलं. केंद्रावर केसच टाकतो, म्हणाले.

लताने नगरहून वकील भावाला बोलावलं.

"दाजी, मोबाईलला लॉक होतं का?"

"आम्ही पडलो शिंगणापूरचे. घराला दार नाही, मोबाईलला लॉक कुठलं?"

"तिथं राखायला शनिदेव आहेत. इथं तुम्ही होता."

मग त्याने कायदा सांगितला. लोकांची माहिती ज्याच्याकडे, ती जपायची जबाबदारी त्याची. चोर सापडेल तेव्हा सापडेल. आधी विचारणार, मालकिणीने काय खबरदारी घेतली होती? घेतली नसेल तर निस्तरायचं ताईने. इतक्या वर्षांचं केंद्राचं नाव माझ्या तीन परवानग्यांवर बुडणार होतं.

लता उठली. तिने सुभेदारांचा नोंदणीचा अर्ज काढला आणि मागची बाजू पुढे केली. शेवटचा नियम, खाली सुभेदारांची ठसठशीत सही: 'आमच्या यजमानांनी मोबाईलवर पाठवलेले काहीही उघडू नये. आधी मला फोन करावा.' (मागे मी नवऱ्या मुलाऐवजी त्याच्या वडिलांचा फोटो पाठवला होता. होकार आला, ते वेगळं!)

"हा नियम कधीपासूनचा?" मी विचारलं.

"तुम्ही इथं बसायला लागल्यापासूनचा."

मेव्हण्याने स्वतःच्या फोनवरून सुभेदारांना नियम वाचून दाखवला. त्यांनी तो पुन्हा एकदा वाचायला लावला. मग म्हणाले, "सही माझीच हाय. आमीच वाचलं न्हाई."

केस मिटली. मेव्हणा सायबर पोलिसांकडे द्यायची तक्रार लिहायला बसला.

"ताई, तू सुटलीस. धोका आधीच ओळखून तू लेखी कळवला होतास," तो म्हणाला आणि माझ्याकडे वळला.

"दाजी, एक पासपोर्ट फोटो द्या. सोबत धोका जोडतो."